खोटे ठरण्याची सोय

कर्करोगावरच्या गाजलेल्या संशोधनाची फेरतपासणी करण्यासाठी अमेरिकेतल्या काही संशोधकांनी एक मोठा प्रकल्प हाती घेतला होता. २०१० ते २०१२ या काळात नावाजलेल्या नियतकालिकांत छापून आलेले ५३ शोधनिबंध त्यांनी निवडले आणि त्यांतले १९३ प्रयोग पुन्हा करून पाहायचे ठरवले. २०२१ मध्ये या खटाटोपाचे अंतिम अहवाल आले, तेव्हा किती निष्कर्ष टिकले आणि किती गळाले याचीच चर्चा झाली. खरी धक्कादायक गोष्ट त्याच्या आधीच्या टप्प्यावरची होती. नुसता छापील निबंध समोर ठेवून पुन्हा मांडता येईल, असा १९३ पैकी एकही प्रयोग निघाला नाही. प्रत्येक ठिकाणी काही ना काही गाळलेले होते. मग मूळ लेखकांना विचारणा करावी लागली. त्यांतल्या जवळजवळ एक तृतीयांश प्रयोगांच्या बाबतीत काहीच मदत मिळाली नाही किंवा उत्तरच आले नाही. शेवटी २३ निबंधांतले ५० प्रयोग तेवढे पार पडले. हे सगळे निबंध रेफरींच्या नजरेखालून गेलेले होते, संपादकांनी पारखून घेतलेले होते आणि जगभरच्या संशोधकांनी त्यांचे दाखले दिलेले होते. इतक्या हातांतून गेलेल्या मजकुरात ‘आम्ही नेमके काय केले’ एवढेच नीट सांगायचे राहून गेले आहे, हे कुणालाच कसे खटकले नाही?

शोधनिबंध सुबोध लिहावा, हा उपदेश काही नवा नाही. पण आपण तो शैलीच्या खात्यावर टाकतो. वाक्ये लहान ठेवा, अवघड शब्द टाळा, व्याकरण तपासून घ्या, असे सांगितले की मार्गदर्शकाचे कर्तव्य संपते. परिणामी विद्यार्थ्याची समजूत होते की संशोधन प्रयोगशाळेत संपले आणि उरली ती रंगरंगोटी. माझे म्हणणे वेगळे आहे. वैज्ञानिक लेखनातली स्पष्टता ही प्रयोगाच्याच शिस्तीचा भाग आहे, कारण आपण कुठे चुकू शकतो ती जागा वाचकाला दाखवून ठेवणे हेच तिचे काम. ‘योग्य तापमानाला पुरेसा काळ ठेवून नमुन्यांचे विश्लेषण करण्यात आले’ हे वाक्य कोणी खोटे ठरवू शकत नाही, आणि तीच त्याची खोट आहे. ‘बारा नमुने ३७ अंश सेल्सिअसला १८ तास ठेवले, त्यांपैकी तीन दूषित झाल्याने मोजणीत धरले नाहीत’ असे लिहिले की वाचकाच्या हाती चार-पाच प्रश्न येतात. तीनच का? दूषित झाले हे कशावरून ठरवले? ते धरले असते तर आकडा किती बदलला असता? पहिले वाक्य लेखकाला सुरक्षित ठेवते, दुसरे वाचकाला हत्यार देते. निष्कर्षांचेही तसेच. ‘या प्रथिनाची वाढीत महत्त्वाची भूमिका असण्याची शक्यता नाकारता येत नाही’ हे विधान उद्या काहीही निघाले तरी उभेच राहील. ‘हे प्रथिन काढून टाकले की वाढ निम्म्यावर येते’ हे मात्र उद्या दुपारपर्यंत कोसळू शकते. विज्ञानाला गरज आहे ती कोसळू शकणाऱ्या वाक्यांची.

ही अपेक्षा आजची नाही. शोधनिबंध नावाचा प्रकार जन्माला आला तोच तिच्या पोटी. सतराव्या शतकात रॉबर्ट बॉइलने हवेच्या पंपावरचे प्रयोग लिहून काढले, तेव्हा तसा पंप युरोपात मोजक्याच ठिकाणी होता. खोलीत उभे राहून प्रयोग पाहणारे साक्षीदार किती असणार? म्हणून बॉइलने पाल्हाळ वाटावा इतका तपशील दिला, फसलेले प्रयोगही नोंदवले. वाचणाऱ्याला आपण तिथे हजर होतो असे वाटावे, आणि ज्याच्याकडे साधने असतील त्याला स्वतः करून पाहता यावे, हा त्यामागचा हिशेब होता. लंडनच्या रॉयल सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डेनबर्ग यांनी १६६५ मध्ये ‘फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स’ सुरू केले, त्यामागेही हाच विचार होता: विद्वानांचा खासगी पत्रव्यवहार चारचौघांसमोर आणायचा, म्हणजे त्यावर बोट ठेवता येईल. पुढे निबंधाला साचा आला. प्रस्तावना, पद्धती, निष्पत्ती, चर्चा ही आजची चौकट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पक्की झाली. साचा सोयीचा आहे, पण त्याने एक भ्रमही निर्माण केला. चारही खाने भरले की निबंध झाला असे वाटू लागले, आणि त्यांतला ‘पद्धती’चा खाना हळूहळू सर्वांत दुर्लक्षित झाला. आज कितीतरी निबंधांत त्या खान्याचे स्वरूप पाककृतीतल्या ‘चवीपुरते मीठ’ यासारखे झाले आहे. लिहिणाऱ्याला ते पुरते, कारण त्याच्या हाताला अंदाज असतो.

स्पष्ट लिहून काय होते, असे विचारणारे लोक ग्रेगर मेंडेलचे नाव पुढे करतात, आणि आक्षेप बिनतोड वाटतो. मेंडेलने वाटाण्याच्या झाडांवरचे प्रयोग १८६५ मध्ये ब्र्नो इथल्या निसर्गविज्ञान मंडळापुढे वाचले, पुढच्या वर्षी ते छापून आले. निबंध आजही वाचता येतो इतका स्वच्छ आहे. तरीही १९०० पर्यंत त्याची कोणी गंभीर दखल घेतली नाही. मग स्पष्टतेचा फायदा काय? फायदा कळायला त्या निबंधाचे पुढचे चरित्र पाहावे लागते. मेंडेलने ‘गोल बिया जास्त आल्या’ असे लिहून भागवले नव्हते. दुसऱ्या पिढीतल्या ७३२४ बियांपैकी ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेल्या, असे मोजून लिहिले होते. त्यामुळे पस्तीस वर्षांनी तिघा संशोधकांना स्वतःचे आकडे त्याच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहता आले. आणि त्याहून मोलाची गोष्ट १९३६ मध्ये घडली. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी तेच आकडे घेऊन गणित केले आणि दाखवून दिले की ते सिद्धान्ताशी जरा जास्तच जुळतात. निव्वळ योगायोगाने इतके नेमके जुळणे अवघड. मेंडेलने आकडे निवडून दिले, मदतनीसाने चलाखी केली की आणखी काही, यावर तेव्हापासून वाद चालू आहे आणि लबाडीचा पुरावा आजवर कोणी दिलेला नाही. पण वाद होऊ शकला, तोही लेखक जाऊन पन्नासहून अधिक वर्षे झाल्यावर, केवळ छापील पानाच्या बळावर. मेंडेलने गुळमुळीत लिहिले असते, तर फिशरना त्याला पकडता आले नसते आणि त्या तिघांना त्याला ओळखताही आले नसते.

आनुवंशिकीतलाच आणखी एक धागा आपल्या जवळचा आहे. गुणसूत्रावरच्या दोन जनुकांमधले अंतर काढण्यासाठी जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९१९ मध्ये एक सूत्र दिले. त्यात त्यांनी धरून चालले होते की गुणसूत्रांची अदलाबदल एका ठिकाणी झाली, तर शेजारच्या ठिकाणी ती होण्यावर काही परिणाम होत नाही. हे गृहीतक सूत्रात लपलेले नव्हते, उघड मांडलेले होते. म्हणून १९४०च्या दशकात, गोव्यात जन्मलेले आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणारे दामोदर धर्मानंद कोसंबी यांना नेमके तेवढेच गृहीतक बदलता आले. एक अदलाबदल शेजारच्या अदलाबदलीला अडवते, असे धरून त्यांनी नवे सूत्र काढले आणि जेमतेम चार पानांत मांडले. कोसंबींचे सूत्र आजही जनुकीय नकाशे काढणाऱ्यांच्या संगणकप्रणालींत हॉल्डेनच्या सूत्राशेजारी पर्याय म्हणून असते. चार पाने पुरली, कारण काय बदलायचे आहे हे आधीच्या लेखकाने स्पष्ट सांगून ठेवले होते. विज्ञान साखळीसारखे पुढे जाते असे आपण सहज म्हणतो. त्या साखळीतली कडी जोडायची तर मागच्याने टोक उघडे ठेवलेले असावे लागते.

स्पष्ट लिहिले तर चूक उघडी पडेल, ही भीती कोणी बोलून दाखवत नाही, पण ती असते. तिला उत्तर १९५३ च्या सुरुवातीला मिळालेले आहे. लायनस पॉलिंग आणि रॉबर्ट कोरी यांनी डीएनएची रचना सुचवणारा निबंध प्रसिद्ध केला: तीन पदर एकमेकांभोवती गुंफलेले आणि फॉस्फेटचे गट आत, मधोमध. प्रत्येक अणू कुठे बसतो ते त्यांनी सांगितले होते. त्यामुळेच हस्तलिखित केंब्रिजला पोहोचताच जेम्स वॉटसन यांच्या लक्षात आले की या रचनेत फॉस्फेटवर हायड्रोजन बसवून ठेवले आहेत, म्हणजे न्यूक्लिइक आम्ल हे आम्लच राहत नाही. जगातल्या सर्वश्रेष्ठ रसायनशास्त्रज्ञांपैकी एकाची रसायनशास्त्रातली इतकी प्राथमिक चूक! एप्रिलमध्ये वॉटसन आणि क्रिक यांचा पानभराचा निबंध ‘नेचर’मध्ये आला, त्याच अंकात विल्किन्स आणि फ्रँकलिन यांच्या गटांचे क्ष-किरणांचे निबंध आले आणि तीन पदरांची रचना इतिहासजमा झाली. पॉलिंग यांचे काय झाले? पुढच्याच वर्षी, १९५४ मध्ये, त्यांना रासायनिक बंधांवरच्या कामासाठी नोबेल मिळाले. त्यांनी ‘डीएनए बहुधा बहुपदरी असावे’ असे मोघम लिहिले असते तर ते कदाचित बरोबरही ठरले असते, आणि कुणाच्याही काही उपयोगाचे नसते.

उलट बाजूचा पुरावाही आहे. अमेरिकेतील डेव्हिड मार्कोविट्झ आणि जेफ्री हॅनकॉक यांनी २०१६ मध्ये बनावट आकडेवारीमुळे मागे घेतलेले २५३ शोधनिबंध घेऊन त्यांची भाषा तशाच विषयांवरच्या, मागे न घेतलेल्या निबंधांशी ताडून पाहिली. बनावट निबंधांत परिभाषेचे जड शब्द अधिक होते आणि मजकूर वाचायला अधिक कठीण होता. फरक लहान आहे. त्यावरून एखादा निबंध खोटा आहे असे कोणी म्हणू लागला तर तो अन्याय होईल. पण लपवायचे असेल तेव्हा माणूस भाषेच्या धुक्यात शिरतो, ही गोष्ट त्यात दिसते. आणि धुके पसरवायला लबाडच असावे लागते असेही नाही. २०१० मध्ये इझाबेल बुत्रों आणि सहकाऱ्यांनी औषधोपचारांच्या अशा ७२ चाचण्या तपासल्या, ज्यांच्या मुख्य निकालात उपचाराचा संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठोस असा फायदा दिसला नव्हता. त्यांपैकी ५८ टक्के निबंधांच्या सारांशातला निष्कर्ष मात्र फायदा झाल्यासारखा लिहिलेला होता. आकडे खरे, तक्ते खरे. फिरवली होती ती फक्त वाक्ये. व्यग्र डॉक्टर सारांशच वाचतो, हे लिहिणाऱ्यांना ठाऊक नसेल असे मानणे भोळेपणाचे होईल. या गोष्टीची किंमत अखेर रुग्ण चुकवतो. शैलीच्या खात्यावर टाकलेला प्रश्न इथे नीतीच्या खात्यात येऊन पडतो.

आता खरा आक्षेप. परिभाषेशिवाय विज्ञान लिहिता येत नाही, आणि वर्तमानपत्राच्या वाचकाला कळेल अशा भाषेत क्वांटम क्षेत्र सिद्धान्त लिहायला सांगणे हा बालिशपणा आहे. मान्य. परिभाषा म्हणजे त्या क्षेत्रातल्या लोकांनी आपसांत केलेला करार. एक शब्द परिच्छेदाचे काम करतो आणि संदिग्धता कमी करतो. कोणत्याही निबंधात तो शब्द असायलाच हवा. पण वाढ झाली आहे ती तेवढ्या शब्दांचीच आहे का? स्वीडनमधील काही संशोधकांनी २०१७ मध्ये १२३ नियतकालिकांतील १८८१ ते २०१५ या काळातले सात लाखांहून अधिक सारांश तपासले. ते वाचायला उत्तरोत्तर कठीण होत गेले आहेत, असे त्यांना आढळले. त्यांनी पुढे जाऊन विचारले की हा काठिण्याचा भार कशाचा आहे, आणि त्याचे एक कारण म्हणून सापडली ती कोणत्याही एका शाखेची नसलेली, सगळ्यांच शाखांत वापरली जाणारी ‘विद्वत्तेची’ सर्वसाधारण भाषा. नवीन, मजबूत, अंतर्निहित, लक्षणीय अशा अर्थांचे शब्द, जे काढून टाकले तरी वाक्याचा अर्थ बिघडत नाही. म्हणजे परिभाषेच्या नावाने आपण ज्याचा बचाव करतो, त्यात बराच माल परिभाषेचा नाहीच. आणि खरी परिभाषाही अति झाली की महाग पडते. गुहांच्या अभ्यासावरचे सुमारे २१ हजार निबंध पाहून २०२१ मध्ये दोन संशोधकांनी दाखवले की शीर्षकात आणि सारांशात विशेष संज्ञांचे प्रमाण जितके जास्त, तितके त्या निबंधाचे दाखले कमी. गुहांच्या अभ्यासात भूगर्भशास्त्रज्ञ, जीवशास्त्रज्ञ, पुरातत्त्वज्ञ असे सगळेच येतात. एकाची परिभाषा दुसऱ्याला परकी. आजच्या बहुतेक महत्त्वाच्या प्रश्नांची अवस्था या गुहांसारखीच आहे. हवामान घ्या, साथीचे रोग घ्या.

दुसरा आक्षेप आपल्या जिव्हाळ्याचा. सगळे खरे, पण निबंध इंग्रजीत लिहायचा असतो, आणि मराठी, कन्नड किंवा हिंदी माध्यमातून आलेल्या मुलामुलींनी तो स्वच्छ कसा लिहायचा? हा अडथळा कल्पनेतला नाही. २०२३ मध्ये आठ देशांतल्या ९०८ पर्यावरणशास्त्रज्ञांची पाहणी प्रसिद्ध झाली. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही त्यांना निबंध लिहायला ५१ टक्क्यांपर्यंत जास्त वेळ लागतो, भाषेच्या कारणावरून त्यांचे निबंध अडीच पटीने अधिक नाकारले जातात आणि भाषा सुधारून आणा असे त्यांना साडेबारा पटीने अधिक वेळा सांगितले जाते. हा उघड अन्याय आहे आणि नियतकालिकांनी त्याचे परिमार्जन करायला हवे. मात्र या अन्यायाचा आधार घेऊन आपण दोन वेगळ्या गोष्टी एक करून टाकतो. सफाईदार इंग्रजी आणि स्पष्ट मांडणी या एक नव्हेत. १९२४ मध्ये सत्येंद्रनाथ बोस यांनी ढाक्याहून आइनस्टाइनना इंग्रजीत लिहिलेला छोटा निबंध पाठवला. आइनस्टाइननी तो स्वतः जर्मनमध्ये अनुवादून छापवून आणला. क्वांटम संख्याशास्त्राचा पाया ज्या निबंधाने घातला तो जगाने वाचला तो लेखकाच्या भाषेत नाहीच. प्रकाशकण कसे मोजायचे, हा युक्तिवाद इतका नीट रचलेला होता की भाषा बदलूनही तो जागचा हलला नाही. विद्यार्थ्याला आपला प्रयोग मराठीत, समोरच्याला पटेल अशा क्रमाने सांगता येत नसेल, तर अडचण इंग्रजीची नाही. आणि येत असेल, तर उरलेले काम अनुवादाचे आहे. ते कष्टाचे खरे, पण ते आटोक्यातले आहे. आपल्या प्रयोगशाळांत पहिला कच्चा खर्डा मातृभाषेत लिहायला कोणी सांगत नाही, याचे मला नवल वाटते.

यावर कोणी म्हणेल की आता ती अडचणही संपली. संगणकाला सांगा, तो गुळगुळीत इंग्रजी लिहून देतो. लोक तसे करतही आहेत. दीड कोटी वैद्यकीय सारांशांतल्या शब्दांच्या अभ्यासातून असा अंदाज निघाला आहे की २०२४ मधल्या किमान साडेतेरा टक्के सारांशांना अशा भाषायंत्रांचा हात लागलेला होता. भाषेमुळे मागे पडणाऱ्या विद्यार्थ्याने हे साधन वापरले तर मला त्यात गैर वाटत नाही. उलट वर सांगितलेल्या अन्यायाची थोडीफार भरपाई त्यातून होईल. पण तापमान किती होते, नमुने का वगळले, हे यंत्राला माहीत नसते. ते लिहिणाऱ्यालाच सांगावे लागते, आणि त्याने सांगितले नाही तर यंत्र ती फट सुबक वाक्याने झाकून टाकते. पूर्वी ओबडधोबड इंग्रजीमुळे रेफरीला निदान शंका तरी यायची. आता मजकूर इतका घडीव असतो की आत काही नाही हे कळायला वेळ लागतो. म्हणजे भाषेच्या सफाईवरून निबंधाची पारख करायची सवय आता अधिकच धोक्याची झाली आहे.

सोपे लिहिले तर काम हलके वाटेल, ही समजूत तर इतकी रुजलेली आहे की तिच्यावर प्रयोग झाले आहेत. प्रिन्स्टन विद्यापीठाचे डॅनियल ओपनहायमर यांनी एकच मजकूर काही वाचकांना साध्या शब्दांत, तर काहींना मुद्दाम बोजड केलेल्या शब्दांत दिला. बोजड मजकुराचा लेखक वाचकांना कमी हुशार वाटला. या प्रयोगावरच्या निबंधाचे शीर्षक त्यांनी गमतीने अतिशय बोजड ठेवले होते आणि २००६ मध्ये त्याला इग नोबेल हे गमतीचे पारितोषिकही मिळाले. थट्टेतला मुद्दा गंभीर आहे. रेफरीला लेखक मोठा वाटावा म्हणून आपण जे करतो, त्याचा परिणाम नेमका उलटा होण्याचा संभव जास्त. उरला जागेचा बहाणा: नियतकालिक पाने देत नाही, म्हणून पद्धती त्रोटक लिहाव्या लागतात. छापील अंकांच्या काळात हे खरे होते. आज निबंधाला जोडून हवा तेवढा तपशील ऑनलाइन ठेवता येतो, त्यामुळे हे कारण सांगणाऱ्याने दुसरे शोधावे.

मग आपल्याकडे असे का लिहिले जाते? कारण व्यवस्थेने निबंध मोजायला शिकवले, वाचायला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी पीएचडीचा प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापणे सक्तीचे केले. प्राध्यापकांच्या बढतीचे गुण निबंधांच्या संख्येला जोडले गेले. मागणी तयार झाली की दुकाने निघणारच. २०१८ मध्ये भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने शिरलेली नियतकालिके तपासली. त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक कमी दर्जाची असू शकतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. अशा नियतकालिकात निबंध कोणी वाचणारच नसेल, तर तो वाचनीय करण्याचे कष्ट कोणी का घ्यावेत? सक्ती २०२२ च्या नियमांत काढून टाकली, हे चांगले झाले. पण निबंध लिहायला शिकवण्याचे काय? २०१९ च्या अखेरीस आयोगाने प्रत्येक पीएचडी विद्यार्थ्यासाठी संशोधन आणि प्रकाशनाच्या नीतीवर दोन श्रेयांकांचा, तीस तासांचा अभ्यासक्रम अनिवार्य केला. त्यात तत्त्वज्ञान आहे, वाङ्मयचौर्य पकडण्याची साधने आहेत, बनावट नियतकालिके कशी ओळखावीत ते आहे, दाखल्यांचे निर्देशांक आहेत. निबंध लिहायला शिकवणारा विभाग त्यात नाही. दुसऱ्याचे वाक्य चोरू नका हे आपण सांगतो; स्वतःचे वाक्य कसे उभे करायचे ते सांगत नाही. दुसरीकडे, ‘एक देश एक वर्गणी’ योजनेसाठी केंद्राने २०२४ मध्ये तीन वर्षांकरिता ६ हजार कोटी रुपये मंजूर केले. सुमारे १३ हजार नियतकालिके सरकारी उच्च शिक्षणसंस्थांना आणि संशोधन संस्थांना वाचता यावीत, हा हेतू उत्तमच आहे. वाचण्यावर एवढा खर्च करणाऱ्या देशाने लिहायला शिकवण्यासाठी त्याचा शंभरावा हिस्सा तरी ठेवावा की नाही?

आणि शिकवायचे ते व्याख्याने देऊन नव्हे. लेखनकौशल्याच्या कार्यशाळा आपल्याकडे उदंड होतात. प्रमाणपत्र मिळते, जेवण बरे असते. त्यापेक्षा एक साधा नियम करून पाहावा. प्रायोगिक विषयातल्या प्रत्येक पीएचडी विद्यार्थ्याने प्रबंध देण्याआधी आपल्या एका प्रयोगाचे ‘पद्धती’ प्रकरण त्याच विभागातल्या दुसऱ्या विद्यार्थ्याच्या हाती द्यावे, आणि त्याने मूळ लेखकाशी एक शब्दही न बोलता तो प्रयोग मांडून पाहावा. जिथे अडेल तिथे लिहून ठेवावे. सिद्धान्ताच्या विषयात प्रयोगाऐवजी एक गणित सोडवून पाहता येईल, सामाजिक शास्त्रांत त्याच प्रश्नावलीने दहा मुलाखती घेता येतील. मार्गदर्शक म्हणतील, वेळ कुठे आहे? वेळ जातो हे खरे. पण आज तोच वेळ रेफरीच्या शेऱ्यांना उत्तरे देण्यात, किंवा आधीच्या विद्यार्थ्याचा प्रयोग नव्या विद्यार्थ्याला जमत नाही म्हणून महिनेच्या महिने चाचपडण्यात जातो. फक्त तो कोणाच्या हिशेबात धरला जात नाही. प्रयोग महागडा असेल, वर्षभर चालणारा असेल, प्राण्यांवरचा असेल, तर त्यातला एखादा टप्पा निवडावा, किंवा प्रत्यक्ष न करता कागदावर सामग्रीची आणि कृतीची यादी करायला सांगावी. कर्करोगाच्या त्या प्रकल्पातल्या उणिवा याच पायरीवर सापडल्या होत्या, एक थेंबही रसायन खर्च होण्याआधी. दुसऱ्या विद्यार्थ्याने काढलेल्या शंकांची यादी प्रबंधाला परिशिष्ट म्हणून जोडावी, आणि बाहेरून आलेल्या परीक्षकाने व्हायवाची सुरुवात निबंध कोणत्या नियतकालिकात आला या प्रश्नाऐवजी त्या यादीपासून करावी.